देवचार, नरकासुर आणि कधीच न झालेला राजा

दक्षिण गोव्यातल्या राय गावात चर्चच्या मागून शेतांकडे जाणारा एक बांध आहे. लोक त्याला इगर्जेचा बांध म्हणतात. ‘गोव्यातली सर्वांत झपाटलेली ठिकाणं’ छापाच्या ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांत हा बांध हमखास असतो. त्याची ख्याती मात्र जरा वेगळी आहे. इथलं भूत मध्यरात्री भेटत नाही, ते दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान धरतं. रात्री बाराचा मुहूर्त साधून कॅमेरे परजत येणाऱ्या हौशी मंडळींची त्यामुळे पंचाईतच होत असणार.

कोकणात किंवा गोव्यात आजोळ असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडच्या भुतांच्या वेळा दोन, टळटळीत दुपार आणि तिन्हीसांज. मध्यरात्रीचं एवढं माहात्म्य सिनेमावाल्यांनी वाढवलं. दुपारी जेवणं उरकून मोठी माणसं आडवी होतात, शेतात चिटपाखरू नसतं, आणि नेमकी तेव्हाच पोरं घरातून निसटून पाण्याकडे धावतात. त्यात रायसारख्या गावातला बांध म्हणजे दोन शेतांमधली साधी हद्द नव्हे. जुवारीच्या खोऱ्यातल्या या खाजण जमिनी भरतीच्या खाऱ्या पाण्याला मातीचे बांध घालून आणि ‘मानस’ नावाची झडपांची दारं बसवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या आहेत. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं भाताची आशा सोडावी लागते. अशा बांधावर दुपारी एकट्यादुकट्याने भटकू नये, असा धाक घालणारं भूत गावाच्या दृष्टीने कामाचंच. लेखी नियमापेक्षा त्याचा वचक जास्त.

यादीतली बाकीची नावंही ठरलेली आहेत. बोरीचा पूल, जिथे रात्री एक बाई कठड्यावरून नदीत उडी मारताना दिसते. साळगावचा वड, ज्यावर क्रिस्तालिना नावाची चेटकीण राहते. नावेलीजवळचा जाकनी बांध. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे कासावलीच्या टेकडीवरचं ‘तीन राजांचं’ चॅपल. एका यादीतली वाक्यं दुसरीत जशीच्या तशी उतरतात, दुसरीतली तिसरीत. या नकलांच्या साखळीत त्या गावात प्रत्यक्ष जाऊन चौकशी केलेला माणूस शोधूनही सापडत नाही.

ऑक्टोबर सरत आला की या याद्यांना पुन्हा पालवी फुटते, कारण ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन येतो. किनाऱ्यावरच्या क्लबांत आणि शॅकमध्ये मुखवट्यांच्या पार्ट्या होतात, प्लॅस्टिकचे सांगाडे टांगले जातात, आणि पार्टीआधी किंवा नंतर एखाद्या ‘झपाटलेल्या’ जागी गाडीने चक्कर मारून येण्याची टूम निघते. हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा सुरू होताना जिवंत आणि मृत यांच्यातला पडदा पातळ होतो, अशी तिथली जुनी समजूत होती. ख्रिस्ती पंचांगात पुढे १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. सर्व संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्रीचा हा उत्सव एकोणिसाव्या शतकात आयरिश लोकांबरोबर अमेरिकेत गेला. तिथे सलगम कोरण्याऐवजी भोपळा कोरायची पद्धत पडली, आणि तेच रूप सिनेमांतून जगभर पसरलं.

आता कासावलीची गोष्ट. यादीकारांच्या मते या भागात तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडत होते. त्यांच्यातल्या होल्गर नावाच्या राजाने उरलेल्या दोघांना मेजवानीच्या निमित्ताने चॅपलमध्ये बोलावलं आणि विष घातलं. लोक चवताळून चालून आले तेव्हा त्याने स्वतःही विष घेतलं. तिघांचे आत्मे तेव्हापासून तिथेच घोटाळतात.

गोष्ट झकास आहे, पण तिला पायच नाहीत. पोर्तुगालला एका वेळी एकच राजा असे आणि तो बहुतेक काळ लिस्बनला राहत असे. गोव्याचा कारभार त्याने नेमलेला व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर पाहायचा. सिंहासनावर असलेला एकही पोर्तुगीज राजा गोव्यात कधी आला नाही, मग तीन येऊन एकमेकांना विष घालण्याचा प्रश्नच उरत नाही. होल्गर हे नावही डेन्मार्ककडचं, पोर्तुगीजांत ते सापडायचं नाही. चॅपल मात्र खरं आहे, ते १५९९ सालचं आहे आणि ‘अवर लेडी ऑफ रेमेडीज’ला वाहिलेलं आहे. तीन राजेही खरे आहेत! बेथलेहेममध्ये बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ते तीन राजे. दर वर्षी ६ जानेवारीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक लहान मुलगा राजाच्या वेषात, डोक्यावर मुकुट घालून, घोड्यावर बसून टेकडी चढतो. तिघे तीन वाटांनी येतात आणि वर चॅपलशी भेटतात. आजूबाजूच्या गावांची जत्रा लोटते. ज्या घरातल्या मुलाला राजा व्हायचा मान मिळतो, त्या घराला तो अभिमान पुढे कित्येक वर्षं पुरतो. तीन खेड्यांच्या या आनंदाच्या सणातून कुणीतरी फक्त ‘तीन राजे’ एवढे शब्द उचलले आणि त्यात विष कालवलं.

भुताटकीचा बाजार असाच चालतो. हाताशी असलेलं सत्य त्याला अळणी लागतं.

गोव्यात ओसाड, उदास, अंगावर काटा आणणारी जागा पाहायचीच असेल तर मांडवीच्या काठी, जुन्या गोव्यात जायला हवं. गंमत अशी, की हे गाव भुतांच्या याद्यांत फारसं आढळत नाही. दिवसा तिथे पर्यटकांच्या बसगाड्या, शाळांच्या सहली, सरबताच्या गाड्या असा सगळा बाजार असतो. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाचा सोहळा साधारण दहा वर्षांनी येतो, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. पण हे गाव म्हणजे एका मेलेल्या बंदराचे अवशेष आहेत, हे त्या गर्दीत फार थोड्यांना जाणवतं.

कदंबांच्या काळातलं बंदर थोडं दक्षिणेला, जुवारीकाठच्या गोपकपट्टणला होतं. ते गाळाने भरत गेलं आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा गावाकडे सरकला. हेच पुढचं जुनं गोवं. आदिलशाहीत अरबस्तानातले घोडे इथे उतरत. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोंसो द अल्बुकर्कने हे शहर घेतलं आणि पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज व्यापाराची ती राजधानी झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीला इथे लाखाच्या वर, काहींच्या मते दोन लाख माणसं राहत होती. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी म्हण तेव्हा पोर्तुगीजांत रूढ झाली.

आणि मग हे शहर हळूहळू मेलं. त्याला तोफांनी नाही, पाण्याने मारलं. सच्छिद्र जमिनीत शोषखड्डे आणि विहिरी शेजारी शेजारी खणलेल्या होत्या. १५४३ मध्येच पटकीची मोठी साथ आली, पुढे हिवताप आणि इतर साथी येतच राहिल्या. तिकडे समुद्रात डचांनी व्यापार तोडला, इकडे मांडवीत गाळ साचत गेला. सधन लोकांनी आधी पाय काढला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी, १८३५ मध्ये, पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारच्या धोरणामुळे धार्मिक संघांचे मठ बंद झाले होते. ओस पडलेल्या वास्तूंचे दगड काढून पणजीतल्या बांधकामांना नेण्यात आले. पणजीच्या कितीतरी देखण्या इमारतींच्या पायात जुनं गोवं गाडलेलं आहे, ते असं.

आज मांडवीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान उभी आहे. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीखालून शहरात प्रवेश करायचा. कमानीपलीकडे आता दिवाडी बेटाची फेरी लागते. तिच्यातून स्कूटरी, मासळीच्या टोपल्या आणि कॉलेजची मुलं ये-जा करतात. एके काळी लिस्बनहून आलेली गलबतं नांगरायची ती हीच जागा.

कमानीपासून दूर, वाहतुकीच्या रस्त्यालगत, काळ्या दगडाचा एक खांब एकटाच उभा आहे. ‘हातकातरो खांब’ हे त्याचं नाव. ज्यांनी धर्म बदलायला नकार दिला त्यांना या खांबाला बांधून त्यांचे हात तोडले, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. अभ्यासकांमध्ये याविषयी मतभेद आहेत. दगडाची घडण पाहता तो एखाद्या कदंबकालीन देवळातला असावा, आणि पोर्तुगीजांनी तो गुन्हेगारांना चारचौघांत शिक्षा द्यायचा स्तंभ म्हणून उभारला असावा, असं एक मत. असे शिक्षास्तंभ पोर्तुगीज शहरांत सर्रास असत. हात खरोखर तोडले गेले की नाही, याचा पुरावा खांब स्वतः देत नाही. पण नाव टिकलं आहे, आणि ते नाव भीतीतून आलेलं आहे एवढं नक्की.

त्या भीतीला कारणही होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झालं. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने मागच्या दाराने जुने आचार पाळले की तो या न्यायालयाचा गुन्हेगार. हे जुने आचार कोणते? १७३६ च्या हुकुमात दारात तुळस लावणं आणि मिठाशिवाय भात शिजवणं यांनाही बंदी आहे. उपलब्ध नोंदींनुसार १७७४ पर्यंत सोळा हजारांवर खटले चालले. बहुतेक दप्तर नंतर नष्ट करण्यात आलं. न्यायालयाचा वाडा से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. लोक त्याला नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणत, आणि त्याच्यासमोर आवाज चढवत नसत. एकोणिसाव्या शतकात तोही पाडला गेला. आज त्या जागी काही नाही.

या वाड्याच्या आत काय चालायचं ते जगाला कळलं एका कैद्यामुळे. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणला पकडला गेला, गोव्यात आणला गेला, आणि जानेवारी १६७६ मधल्या शिक्षेच्या मिरवणुकीत इतर कैद्यांबरोबर अनवाणी चालला. सुटून परत गेल्यावर त्याने १६८७ मध्ये पुस्तक छापलं. सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे हे न्यायालय मेलेल्यांवरही खटले चालवी. आरोपी मरण पावला असेल तर त्याची हाडं उकरून पेटीत भरून मिरवणुकीत आणत, सोबत त्याचा पुतळा असे, आणि शिक्षा झाली तर दोन्ही जाळत. मराठी वाचकांपर्यंत हा सगळा इतिहास पुराव्यांनिशी आणण्याचं श्रेय मुख्यतः अनंत काकबा प्रियोळकरांचं. हे मराठीचे मोठे संशोधक मूळचे गोव्यातल्या प्रियोळचे. त्यांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

जगात आणखी एक जुनं बंदर आहे, ज्याने अशाच एका छळाच्या आठवणीवर अख्खा उद्योग उभा केला. अमेरिकेतलं सेलम. १६९२ मध्ये तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिली गेली आणि एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारलं गेलं. १९८२ पासून तिथे ऑक्टोबर महिन्यात ‘हॉन्टेड हॅपनिंग्ज’ नावाचा उत्सव भरतो. अलीकडे एका ऑक्टोबरात तिथे दहा लाखांच्या घरात माणसं येतात आणि टोकदार टोप्या घालून गल्ल्यांतून फिरतात. त्याच शहरात १९९२ मध्ये बळींचं स्मारकही झालं. प्रत्येकाच्या नावाचा एक दगडी बाक, त्यावर मृत्यूची तारीख आणि शिक्षेचा प्रकार. उत्सवाचा थिल्लरपणा अनेकांना खुपतो, आणि ते रास्तही आहे. तरी भुतांच्या ओढीने आलेला माणूस निदान त्या बाकांपर्यंत पोचतो आणि नावं वाचतो. जुन्या गोव्याला येणारा पर्यटक हातकातरो खांबाजवळून गाडी न थांबवता निघून जातो.

जुन्या गोव्यातली सर्वांत विलक्षण जागा पर्यटकांच्या मुख्य चौकापासून थोडी वर, मोंते सांतो टेकडीवर आहे. तिथे संत ऑगस्टीनच्या चर्चचा जांभ्या दगडाचा एकच मनोरा, सुमारे ४६ मीटर उंच, अर्धा कापल्यासारखा उभा आहे. हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. १८३५ नंतर मठ रिकामा पडला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंतीसह मनोऱ्याचा भाग ढासळला. त्यातली प्रचंड घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून ती पणजीच्या, पायऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, पांढऱ्या चर्चच्या माथ्यावर वाजते आहे. इन्क्विझिशनच्या काळात ही घंटा फक्त शिक्षेच्या दिवशी वाजायची, अशी दंतकथा आहे.

याच अवशेषांत एका राणीची हाडं सापडली, आणि ही कथा मात्र अस्सल आहे. जॉर्जियाची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म सोडायला तिने नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिचा हाल हाल करून वध झाला. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आणला. तो मठातल्या सभागृहाच्या खिडकीशी एका दगडी पेटीत ठेवल्याचं जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. पण छप्परच कोसळल्यावर खिडकी कुठली आणि पेटी कुठली! भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसून मठाचा आराखडा मोकळा केला आणि २००४-०५ च्या सुमारास हाडांचे तुकडे हाती आले. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेने त्यांतला डीएनए तपासला. भारतात सहसा न आढळणारा आणि जॉर्जियातल्या लोकांत सापडणारा मातृवंश त्यात निघाला. २०१३ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तो अवशेष तिबिलिसीला नेऊन जॉर्जियाच्या स्वाधीन केला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी पोचली. एवढा ऐवज जवळ असताना कुणाला होल्गर राजा हवासा वाटावा, याचंच आश्चर्य वाटतं.

मग लोकांना त्या याद्यांतल्या जागी खरोखर काहीतरी जाणवतं, त्याचं काय? याचं उत्तर द्यायला गोव्यातलाच एक माणूस समर्थ आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री कोसळणाऱ्या बाईवर दोन्ही हात रोखून वाकलेला. रात्री रस्त्यावरून जाणारा नवखा माणूस या पुतळ्याने दचकतो, यात शंका नाही. हा आबे फारिया. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला जुझे कुश्तोदियु द फारिया. त्या काळी पॅरिसात मेस्मरच्या अनुयायांचं प्रस्थ होतं. माणसाच्या अंगातून एक चुंबकी द्रव वाहतो आणि त्याने समोरच्याला गुंगी येते, असं ते सांगत. फारियाने १८१३ पासून जाहीर प्रयोग करून दाखवलं, की द्रव वगैरे काही नसतो. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, त्याला दिलेल्या सूचनेमुळे घडतं. पॅरिसने आधी गर्दी केली, मग नाटकातून त्याची टर उडवली. १८१९ मध्ये तो गरिबीत वारला. संमोहनाच्या शास्त्राने पुढे त्याचंच म्हणणं उचलून धरलं.

झपाटलेल्या जागेची सहलही सूचनेवरच चालते. गाडीत बसल्यापासून गोष्टी सुरू असतात. कोण कसा मेला, कुणाला काय दिसलं. दिवे विझवले जातात. पोचेपर्यंत मन तयार झालेलं असतं, आता कानाने फक्त निमित्त पुरवायचं. गोव्याच्या जुन्या घरांत निमित्तांना तोटा नाही. गव्हाणी घुबडाचा चीत्कार एखाद्या बाईच्या किंकाळीसारखा लागतो. कौलांवरून कांडेचोर पळाला की माडीवर कुणी चालतंय असं वाटतं. पावसाळ्यात फुगलेली लाकडी तुळई ऑक्टोबरच्या उन्हात सुकताना रात्री करकरते. खाजणातून हलणारा दिवा बहुतेक वेळा कुर्ल्या धरणाऱ्याचा असतो.

याचा अर्थ गोवेकर भुतं मानत नाही, असा मुळीच नाही. तो मानतो, पण त्याचं भूत वेगळ्या जातीचं आहे. देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा आणि रात्री पेटती चूड. वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो आणि गावाची मर्यादा मोडणाऱ्याला चकवा लावून रात्रभर फिरवतो. लोक त्याला रोट, सोरो (दारू), विडी ठेवतात. काही ठिकाणी नव्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या झिजतात. ठेवणाऱ्यांत हिंदू असतात तसे ख्रिस्तीही असतात. म्हापशाचा बोडगेश्वर हा असाच राखणदार. आज त्याचं मोठं देवस्थान आहे आणि पौषातली त्याची जत्रा साऱ्या बार्देशची असते. या भुताला नोकरी आहे, हद्द आहे आणि पगारही आहे. क्रिस्तालिना किंवा पुलावरची बाई यांना यातलं काहीच नाही. त्या नुसत्या घाबरवतात.

दीपावलीच्या आदल्या रात्रीचा गोवा ज्याने पाहिला आहे, त्याला हॅलोवीनचं अप्रूप वाटायचं कारण नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही जा. वाड्यावाड्यांतली पोरं पंधरा-पंधरा दिवस खपून कागद, गवत आणि लोखंडी सळ्यांचे दुमजली घराएवढे नरकासुर उभे करतात. सुळे, वटारलेले डोळे, हलणारे हात. रात्रभर स्पर्धा, रात्रभर ढोल आणि ध्वनिक्षेपक, आणि पहाट व्हायच्या आत कृष्णाच्या हातून वध होऊन दहन. नरकासुर एवढे मोठे आणि कृष्ण मात्र कुठेतरी कोपऱ्यात, अशी तक्रार जुनी माणसं दर वर्षी करतात. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडलेल्या जळक्या सळ्यांवरून वर्तमानपत्रांत पत्रं येतात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. त्या तारखेला पहाटे गोव्यात नरकासुर जळाले आणि रात्री किनाऱ्यावर हॅलोवीनचे मुखवटे निघाले. अशी गाठ वारंवार पडत नाही.

दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती गोवा आपल्या मृतांना भेटायला जातो. पावसाळ्यात थडग्यांवर चढलेलं शेवाळ घासून काढलेलं असतं, चुन्याचा हात मारलेला असतो. फुलं, मेणबत्त्या आणि प्रार्थना. पणजीच्या सांतिनेजच्या दफनभूमीपासून खेड्यातल्या लहानशा जागेपर्यंत सगळीकडे त्या दिवशी माणसं दिसतात. हॅलोवीन ज्या दिवसांशी जोडला गेला त्यांपैकी हा दिवस गोवा शतकानुशतकं पाळत आला आहे. त्यात भय नाही, घरच्यांची विचारपूस आहे.

भय बघायचं तर शिमग्यात डिचोली आणि सत्तरीच्या गावांत जावं. डिचोली तालुक्यातल्या साळ गावात होळीपौर्णिमेपासून तीन रात्री गड्यांचा उत्सव चालतो. गडे म्हणजे व्रत धरलेले गावचे पुरुष. उघड्या अंगाने, धोतर नेसून ते देवळासमोर नमन करतात, आणि बघता बघता अंगात संचार होऊन अंधारात डोंगराकडे, मसणवटीकडे धाव घेतात. दूर देवचाराच्या चुडी दिसतात असं म्हणतात आणि हजारो माणसं त्या पाहायला जागतात. काही गड्यांना देवचार लपवून ठेवतो आणि पुढच्या रात्री परत करतो, अशी श्रद्धा आहे. सत्तरीतल्या झर्मे आणि करंझोळ या गावांचा चोरोत्सव याहून अस्वस्थ करणारा आहे. चोर समजून गावाने पूर्वी निरपराध माणसांना मारलं, त्याची ही आठवण. माणसांना जमिनीत पुरल्याचं दृश्य गावकरी स्वतःच उभं करतात. आपल्याच पूर्वजांच्या हातून झालेल्या चुकीची जाहीर कबुली देणारा असा उत्सव क्वचितच कुठे असेल. व्हडल्या घराच्या जागी काहीच नाही, पण सत्तरीतल्या शेतकऱ्यांनी आपलं पाप विसरू दिलेलं नाही.

सीमेपलीकडे सिंधुदुर्गातही भुताच्या सहलीचा एक ताजा नमुना आहे. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला, चित्रीकरणाचा वाडा पाहायला माणसांची रीघ लागली. सगळं काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही लोक त्या ओटीवर उभे राहून फोटो काढत. कोकणाची बदनामी आणि अंधश्रद्धेचा प्रसार होतो म्हणून मालिकेवर टीकाही झाली. गमतीची भुतं आणि घातक भुतं यांच्यात फरक आहेच. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं किंवा दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर चारच दिवसांत तसा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही लोकांना अमावास्येच्या रात्री सहलीला नेतात, थेट स्मशानात. तिथे बसून गप्पा होतात, फराळ होतो आणि सगळे धडधाकट घरी येतात.

गोव्याला भुतांच्या निमित्ताने जाणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादीतली ‘ओसाड’ घरं बहुधा कुणाच्या तरी मालकीची असतात. वारस परदेशात असतात, वाटणीचा दावा सुरू असतो, आणि मजल्यांच्या फळ्या कुजलेल्या असतात. तिथे शिरलात तर भुताआधी पोलीस किंवा घोणस भेटेल. पणजीतल्या फोन्तेन्यासचे रहिवासी खिडक्यांत डोकावणाऱ्या पर्यटकांना आधीच वैतागलेले आहेत, त्यांच्या दारात रात्री ओरडाआरडा नको. संत ऑगस्टीनचे अवशेष संरक्षित असल्याने अंधार पडण्याआधी पाहून घ्यावेत. सकाळी गेलात तर गर्दी नसते. कासावलीची जत्रा ६ जानेवारीला असते. साळचे गडे पाहायचे असतील तर होळीच्या तारखा बघून स्वतःची किंवा भाड्याची गाडी आधी ठरवा, कारण कार्यक्रम पहाटेपर्यंत चालतो आणि रात्री परतीची बस मिळत नाही.